पेंड, सोयाबीन आणि एन्झाइम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराड-पाटणकडचे सोयाबीन, लाकडी घाण्यावर उरणारी शेंगदाण्याची पेंड आणि कोरेगावचा घेवडा या तीन मालांबद्दल सातारा-सांगलीतून परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक घाणेवाले, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि सोया पेय करणारे छोटे उद्योजक. एकदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्या उत्तरात पुन्हा लिहिलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एन्झाइम म्हणजे नेमके काय? ते प्रथिनाचे काय करते?

मटण जून असले की आपण त्याला कच्ची पपई वाटून चोळतो. पपईच्या चिकातले पपेन मांसातल्या प्रथिनांच्या लांब साखळ्या जागोजागी तोडते, म्हणून मटण मऊ शिजते. हेच काम सोयाबीनच्या किंवा पेंडीच्या प्रथिनांवर मापाने करायचे, एवढीच कल्पना आहे. मटकीला मोड येतात तेव्हा दाण्यातले एन्झाइमही असेच कामाला लागलेले असतात.

शाळेच्या पुस्तकात यांना विकरे म्हणतात, बाजारात एन्झाइमच म्हणा. आपल्या कामाचे तीन प्रकार आहेत. प्रोटिएज साखळ्या तोडतात. ट्रान्सग्लुटामिनेज साखळ्या एकमेकींना जोडते. प्रोटीन ग्लुटामिनेज साखळीला हात न लावता तिच्यावरचा एक छोटा गट काढून टाकते आणि त्यामुळे प्रथिन पाण्यात चांगले मिसळते.

२. पेंड नुसती दळून पीठ विकले तर काय बिघडते?

चटणी, लाडू, भाजणी, थालीपीठ यांसाठी काहीच बिघडत नाही. तिथे एन्झाइमवर खर्च करू नका. पदार्थ पाण्यात विरघळायला हवा असेल तेव्हा अडचण येते. सोयाबीनचे प्रथिन पीएच (आंबटपणाचे माप, ७ म्हणजे उदासीन) ४.५ च्या आसपास सगळ्यात कमी विरघळते, म्हणून लिंबू, कोकम किंवा ताकात सोया पीठ घातले की साका खाली बसतो. साखळ्या थोड्या तोडल्या की तेच प्रथिन आंबट पाण्यातही बऱ्यापैकी तरंगते. फेस धरणे, तेल-पाणी एकजीव ठेवणे हे गुणही थोड्या तोडणीने सुधारतात आणि जास्त तोडणीने बिघडतात. एन्झाइम किती घालावे यापेक्षा कधी थांबवावे, हे यातले खरे कसब आहे (प्रश्न ८).

३. याला 'शाश्वत प्रक्रिया' का म्हणतात? जाहिरातीपुरतेच आहे का?

काही अंशी खरे, काही अंशी जाहिरात. प्रथिने तोडण्याची जुनी रीत म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लात शंभर अंशांच्या वर तासन्‌तास उकळणे. त्यात तेलाच्या अंशापासून क्लोरोप्रोपॅनॉल नावाची घातक संयुगे बनू शकतात आणि शेवटी आम्ल मारताना ढीगभर मीठ तयार होते. एन्झाइम हेच काम ५० ते ६५ अंशांना, जवळजवळ उदासीन पाण्यात करते. दुसरा फायदा मालाचा आहे. शुद्ध प्रथिन काढायच्या नेहमीच्या पद्धतीत साखर, क्षार आणि न बसलेले प्रथिन पाण्याबरोबर गटारात जाते. एन्झाइमने पीठ-पाण्याचा पूर्ण लगदाच वापरता येतो.

जाहिरातीत सांगत नाहीत तो भाग वाळवणीचा. १०० लिटर लगदा २५ वरून ५५ अंशांवर न्यायला साधारण ३.५ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. त्यातले ८० लिटर पाणी उडवून पावडर करायची तर निव्वळ हिशेबाने ५० युनिट लागतात, प्रत्यक्षात आणखी. म्हणून पेय, सूप किंवा पीठ भिजवण्यासाठी ओलाच माल जवळच्या जवळ वापरता येत असेल तर पावडरच्या मागे लागू नये. पावडर करायचीच असेल तर लगदा जमेल तेवढा घट्ट ठेवा. ९० अंशांचा गरम माल थंड करताना त्याची उष्णता पुढच्या बॅचच्या पाण्याला द्या. साधी नळीची गुंडाळीही बरेच इंधन वाचवते.

४. घाण्याची पेंड चांगली की एक्स्पेलरची?

प्रथिनासाठी घाण्याची. लाकडी घाण्यात माल फार तापत नाही, त्यामुळे प्रथिन मूळ स्थितीत राहते. तोटा असा, की तेल जास्त उरते आणि पेंड लवकर खवट होते. पेंड पडली की आठवड्याभरात वापरा, नाहीतर थंड जागी हवाबंद ठेवा. एक्स्पेलरमध्ये उष्णतेने प्रथिन आवळते आणि पाण्यात कमी उतरते. प्रोटिएज त्यालाही तोडते, पण वेळ आणि एन्झाइम दोन्ही जास्त लागतात. जनावरांसाठी भाजलेली सोया डीओसी (तेल काढलेली पेंड) माणसांच्या खाण्यात वापरू नका. खाद्य दर्जाचे, कमी भाजलेले सोया पीठ वेगळे मिळते, तेच घ्या.

घरच्या घरी तपासायचे तर ५ ग्रॅम बारीक पूड ५० मिली कोमट पाण्यात अर्धा तास ढवळा आणि तासभर ठेवा. वरचे पाणी दुधासारखे पांढरे राहिले तर प्रथिन जिवंत आहे. ते निवळ झाले आणि सगळे तळाला गेले, तर माल जास्त तापलेला आहे. शेंगदाण्याची लाल टरफले तेल गाळण्यापूर्वीच काढा. त्यातले टॅनिन प्रथिनाला चिकटते आणि तुरट चव देते.

५. सोयाबीनचा कोणता वाण घ्यावा? फुले संगम, फुले किमया यांत फरक पडतो का?

दोन्ही कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचे वाण. केडीएस ७२६ आणि केडीएस ७५३ मधला 'केडी' म्हणजे कसबे डिग्रजच. या कामासाठी मात्र वाणापेक्षा साठवण महत्त्वाची. सोयाबीनमध्ये साधारण ४० टक्के प्रथिन आणि २० टक्के तेल धरून चला. ओलसर, गरम गोदामात राहिलेल्या दाण्याचे प्रथिन पाण्यात कमी उतरते. दिवाळीचा नवा दाणा आणि पुढच्या भाद्रपदातला जुना दाणा यांत फरक दिसतो, तो इथून येतो.

६. कोणते एन्झाइम मागवू? पुरवठादार दहा नावे सांगतो.

सुरुवातीला दोनच पुरेत. पहिले सबटिलायसिन, बाजारात अल्कलेज या नावाने माहीत असलेले. ते बॅसिलस लायकेनिफॉर्मिस या जिवाणूपासून काढतात. पीएच ८ आणि ५५ अंशांच्या आसपास जोरात चालते, पण कडूपणा लवकर आणते. दुसरे पपेन. ते पीएच ६ ते ७ ला, ६० ते ६५ अंशांना चालते, म्हणजे लगद्याचा मूळ पीएचच बहुधा पुरतो आणि कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) लागत नाही. छोट्या युनिटला आमची पसंती पपेनला. कडूपणा उतरवण्यासाठी ॲस्परजिलस ओरायझी बुरशीपासूनचे, साखळीच्या टोकाकडून तोडणारे मिश्र एन्झाइम तिसरे म्हणून ठेवता येते.

किंमत किलोवर तोलू नका. वेगवेगळ्या कंपन्यांचे एकक वेगळे असते, म्हणून एका ग्रॅममध्ये किती एकके आणि ती कोणत्या पद्धतीने मोजली, हे प्रमाणपत्रात पाहा. खाद्य दर्जा लिहिलेला नसेल तर घेऊ नका. कापड आणि कातडी उद्योगाचे एन्झाइम स्वस्त मिळते, ते इथे चालत नाही.

७. पहिली बॅच कशी घ्यायची? मापासकट सांगा.

माप १० किलो तेलविरहित सोया पिठाचे आहे. त्यात प्रथिन साधारण ५० टक्के, म्हणजे ५ किलो. भांडे स्टीलचे, १५० लिटरचे.

९० लिटर पाणी ५० अंशांवर आणा. ढवळत ढवळत पीठ भुरभुरवा, एकदम ओतले तर गाठी होतात आणि त्या शेवटपर्यंत सुटत नाहीत. २० मिनिटे भिजू द्या. मग ८५ अंशांवर १० मिनिटे ठेवा. यात जंतू मरतात, कच्चट वास आणणारे लायपॉक्सिजनेज बंद पडते आणि प्रथिनाच्या घड्या उलगडतात. ५५ अंशांवर उतरवा.

आता २ मोलर कॉस्टिकने (लिटर द्रावणात ८० ग्रॅम, खाद्य दर्जाचे) पीएच ८ करा. कॉस्टिक नेहमी पाण्यात घालायचे, कॉस्टिकवर पाणी ओतायचे नाही. प्रथिनाच्या अर्धा टक्का, म्हणजे २५ ग्रॅम सबटिलायसिन अर्धा लिटर थंड पाण्यात मिसळून ओता. दोन-तीन मिनिटांत पीएच घसरू लागतो. साखळी तुटली की आम्लगुण बाहेर पडतो, त्याची ही खूण. पीएच ८ वर टिकवण्यासाठी तेच कॉस्टिक थोडे थोडे घालत जा आणि किती घातले ते लिहून ठेवा. सोया प्रथिनाच्या एका ग्रॅममध्ये तुटण्याजोगे ७.८ मिलिइक्विव्हॅलंट बंध धरतात. त्या हिशेबाने ५ किलो प्रथिनाचे ५ टक्के बंध तुटायला ९७५ मिली कॉस्टिक हवे, पण पीएच ८ ला आम्लगुण पूर्ण मोकळा होत नाही, म्हणून प्रत्यक्षात सुमारे ८५० ते ८७० मिली जाते. सुरुवातीला पीएच चढवायला गेलेले यात धरायचे नाही.

तेवढे गेले की सायट्रिक आम्लाने पीएच ६.८ वर आणा, ९० अंशांवर १५ मिनिटे ठेवा आणि गाळा. पपेनने करायचे तर पीएचला हात न लावता ६० ते ६५ अंशांवर ठेवा. पपेन उष्णतेला चिवट असते, म्हणून शेवटी २० मिनिटे उकळीच्या जवळ ठेवणे बरे. त्यात कॉस्टिकचा हिशेब नसल्याने थांबण्याची वेळ प्रश्न ८ मधल्या चाचणीने ठरवा.

८. तोडणी पुरेशी झाली हे डोळ्यांनी कसे कळेल?

दर १० मिनिटांनी १० मिली लगदा काचेच्या नळीत घ्या. नळी उकळत्या पाण्यात ५ मिनिटे ठेवा, म्हणजे त्यातले एन्झाइम थांबते. थंड करून थेंब थेंब सायट्रिक आम्ल घाला आणि पीएच ४.५ करा. सुरुवातीच्या नळीत दही फुटल्यासारखा दाट साका बसतो आणि वर पिवळट निवळ पाणी राहते. दहा मिनिटांच्या नळीत साका कमी भरतो आणि पाणी गढूळ राहते. पुढे पुढे साका पातळ होत जातो आणि एका टप्प्यानंतर दोन नळ्यांत फरक दिसेनासा होतो. पेयासाठी हा टप्पा यायच्या आधीच थांबा. नळ्या ओळीने लावून, वेळ लिहून फोटो काढून ठेवला की पुढच्या बॅचला तोच मापदंड होतो. प्रत्येक नळीतला थेंब जिभेवरही घ्या. कडवटपणा जिभेला आधी कळतो.

९. माल कडू झाला. आता काय?

झालेला कडूपणा पूर्ण जात नाही. पाणी टाळणाऱ्या अमिनो आम्लांचे छोटे तुकडे मोकळे झाले की कडू लागते. लांब साखळीत ते आत दडलेले असतात. वर सांगितलेले टोकाकडून तोडणारे एन्झाइम ५० अंशांना तासभर दिले तर बराच फरक पडतो. गूळ-सुंठ, मीठ किंवा कोकोच्या आड तो थोडाफार झाकतो. उरलेला माल भाजणीत किंवा मसाल्याच्या सूपमध्ये थोड्या प्रमाणात मुरवा. पुढच्या वेळी ३ ते ५ टक्के तोडणीवर थांबा. कडू म्हणून परत आलेल्या बॅचमध्ये बहुधा 'अजून अर्धा तास राहू दे, चांगले होईल' असा विचार झालेला असतो.

१०. लगदा जेलीसारखा दाट झाला किंवा गोळे झाले.

तीन कारणे तपासा. पीठ दहा-बारा टक्क्यांच्या पुढे असेल तर ८५ अंशांच्या पायरीलाच सोया प्रथिन जमते. तेव्हा आधी ५५ अंशांवर थोडे एन्झाइम देऊन लगदा पातळ करा आणि मग तापवा. दुसरे, बोअरचे पाणी जड असेल तर त्यातले कॅल्शियम प्रथिनाला गोळा करते. टोफू आपण कॅल्शियमनेच जमवतो, हे लक्षात घ्या. मऊ केलेले पाणी वापरा. तिसरे, तोडणी लांबल्यावर सोयाबीनच्या ग्लायसिनिनचे तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटतात. त्याला उपाय एकच, लवकर थांबणे.

११. फेस भांड्याबाहेर जातो.

भांडे दोन तृतीयांशच भरा. ढवळणी सावकाश फिरवा आणि पाते पूर्ण बुडालेले ठेवा, पृष्ठभागावर भोवरा पडला की हवा आत जाते. शेंगदाण्याच्या पेंडीला जास्त फेस येतो. फेसनाशक वापरायचे तर खाद्य दर्जाचे आणि तेही थेंबाने.

१२. पीएच मीटर हवाच का? पट्टीने भागेल का?

पपेनला पट्टी चालते, सबटिलायसिनला मीटर लागतो. मीटर रोज पीएच ७ आणि १० च्या द्रावणांनी जुळवा. प्रथिनाचा थर बसून इलेक्ट्रोड आळशी होतो. तो साफ करायच्या द्रावणात पेप्सिन असते, म्हणजे तिथेही एन्झाइमच! म्हणून इलेक्ट्रोड भांड्यात बुडवू नका. नमुना बाहेर काढून मोजा आणि तो परत ओतू नका.

१३. माल खारट लागतो. मीठ तर घातलेच नाही.

ते कॉस्टिकचे सोडियम. ८५० मिली २ मोलर द्रावणात सुमारे ३९ ग्रॅम सोडियम असते. १० किलो सुक्या मालात ते १०० ग्रॅमला जवळजवळ ३९० मिलिग्रॅम होते, आणि सुरुवातीला पीएच चढवायला घातलेले वेगळे. लेबलवर सोडियम लिहिताना हे धरलेच पाहिजे. रक्तदाबवाल्यांसाठी माल करायचा तर पपेनकडे वळा. पीएच १० च्या पुढे जाऊन तापवू नका, लायसिन हे अमिनो आम्ल वाया जाते.

१४. आमच्या शिवारात पपई आहे. चीक काढून वापरला तर?

घरच्या मटणाला वापरा, विक्रीच्या मालाला नको. झाडागणिक, हंगामागणिक जोर बदलतो आणि कच्च्या चिकात जंतू असतात. शिवाय हा चीक कातडी भाजतो. विकतच्या पपेनचेही दोन शत्रू लक्षात ठेवा : क्लोरीन आणि तांबे. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवा किंवा कार्बनमधून गाळा, आणि तांब्या-पितळेची भांडी टाळा.

१५. टोफू भुसभुशीत होतो. एन्झाइमने घट्ट होईल का?

होईल, पण इथे जोडणारे एन्झाइम लागते. साधारण ३ टक्के प्रथिनाच्या १० लिटर सोया पेयात ३०० ग्रॅम प्रथिन असते. ग्रॅमला १० एकके धरली तर ३,००० एकके, म्हणजे १०० एकके प्रतिग्रॅमच्या पावडरीचे ३० ग्रॅम. पेय उकळून ४५ ते ५० अंशांवर आल्यावर ट्रान्सग्लुटामिनेज मिसळा, तासभर हलवू नका, मग ८५ अंशांवर नेऊन थांबवा. लेबलवर 'पनीर' लिहू नका. दूध, दही, पनीर ही नावे दुग्धेतर मालाला लावता येत नाहीत. टोफूच म्हणा.

१६. अफ्लाटॉक्सिन, ॲलर्जी, पोटातला गॅस हे सगळे एन्झाइमने जाते ना?

नाही. शेंगदाण्याचे तेल काढल्यावर अफ्लाटॉक्सिन (बुरशीचे विष) बहुतेक पेंडीतच राहते आणि प्रोटिएज त्याला हातही लावत नाही. बुरशी धरलेला, सुरकुतलेला दाणा घाण्यात जाण्याआधीच निवडा आणि प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत तपासणी करा. ॲलर्जी कमी होऊ शकते पण हमी नाही, म्हणून 'शेंगदाणा आहे', 'सोयाबीन आहे' हे लेबलवर लिहावेच लागते. गॅस रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करांमुळे होतो. त्यांना अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे वेगळे एन्झाइम लागते, किंवा भिजवून पाणी टाकून देणे. लोह-जस्त अडवणाऱ्या फायटिक आम्लाला फायटेज लागते, मोड आणूनही ते काही प्रमाणात उतरते.

१७. हिरवा ठिपका लावता येईल का?

एन्झाइमच्या उगमावर ठरते. पपेन वनस्पतीचे, वर सांगितलेली बाकीची सूक्ष्मजीवांची, सगळी चालतात. ट्रिप्सिन आणि पेप्सिन साधारणतः जनावरांच्या अवयवांतून येतात. पुरवठादाराकडून उगमाचा लेखी दाखला घ्या आणि ते एन्झाइम एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) परवानगी यादीत आहे का, तेही पाहा.

१८. कामगारांना धोका आहे का?

पावडरीची धूळ नाकात गेली तर ॲलर्जी आणि दमा होऊ शकतो, आणि एकदा झाला की पुढे थोड्या धुळीनेही उठतो. शक्य तिथे द्रवरूप एन्झाइम घ्या. पावडर तोलताना एन-९५ मास्क, चष्मा आणि हातमोजे घाला, पंखा बंद ठेवा. सांडले तर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने टिपा.

१९. वाघ्या घेवड्यावर काहीच परिणाम होत नाही. एन्झाइम खराब आहे का?

बहुधा एन्झाइम ठीक आहे. घेवड्याचे मुख्य प्रथिन फेसिओलिन, त्याची घडी इतकी घट्ट असते की कच्च्या पिठावर प्रोटिएज एक-दोन ठिकाणीच तोडते आणि थांबते. उष्णतेने घडी उलगडली की तेच प्रथिन चांगले तुटते. घेवड्यातला विषारी लेक्टिनही नीट उकळल्याशिवाय जात नाही, ८५ अंशांची पायरी त्याला पुरत नाही. रात्रभर भिजवा, पाणी टाका, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा, वाटा, मग ५५ अंशांवर एन्झाइम द्या.

२०. तोडणारे आणि जोडणारे एन्झाइम एकदम घातले तर वेळ वाचेल?

वाचणार नाही. प्रोटिएज ट्रान्सग्लुटामिनेजलाच तोडू शकते, शेवटी तेही प्रथिनच. आधी तोडा, तापवून थांबवा, थंड करा, मग जोडा. प्रोटीन ग्लुटामिनेज आणि ट्रान्सग्लुटामिनेज दोघेही ग्लुटामिन या एकाच अमिनो आम्लावर काम करतात. पहिल्याने ते संपवले की दुसऱ्याला जोडायला काही उरत नाही.

२१. बॅच चालू असताना लाइट गेली तर?

एन्झाइम लाइटीवर चालत नाही, ते तोडतच राहते. गॅस किंवा चुलीवर लगेच ९० अंशांवर नेता येत असेल तर न्या, हाताने ढवळत, तळ लागू न देता. फ्रीजमध्ये ठेवल्याने तोडणी मंदावते, थांबत नाही. तापवायची सोय नसेल आणि अर्ध्या तासात लाइट आली, तापमान ५० च्या खाली गेले नसेल, तर नळीची चाचणी करून पुढे जा. लगदा दोन तास ३५-४५ अंशांत राहिला असेल तर वास चांगला असला तरी टाका. काही जंतूंची विषे पुन्हा उकळूनही जात नाहीत. असा माल गटारात सोडू नका, प्रथिनाचे पाणी फार लवकर सडते. गोबर गॅसच्या टाकीत रोज थोडा थोडा घाला. एकदम ओतला तर अमोनिया वाढून टाकी बसते.